यशाला वेसण



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांची उमेदीची सगळी वर्षं गिरणी कामगारांमध्ये गेली. म्हणून मी असा प्रश्न निवडला आहे, ज्याच्या दोन्ही टोकांना कापड कामगारच उभा आहे. एका देशातल्या कामगाराचं काम टिकावं म्हणून दुसऱ्या देशातल्या कामगाराने केलेला माल मोजून-मापून, ठरावीक आकड्यावर अडवायचा. आणि ज्याचा माल जास्त खपतो त्यालाच जास्त अडवायचं, हे न्यायाला धरून आहे का? १९६१ पासून २००४ च्या अखेरीपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षं, जगातल्या कापडाचा फार मोठा व्यापार याच पद्धतीने चालला. या पद्धतीला सगळे ‘कोटा’ म्हणत.

माझं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. कोटा पद्धत अन्यायाची होती. तिच्यामुळे गरीब देशांचा माल कमी खपला हा तिचा दोष आहेच, पण त्याहून मोठा दोष दुसरा आहे. सगळे नियम पाळून जो पुढे गेला त्याला हेरून तिने फक्त त्याच्यापुरता नवा नियम केला. कुस्तीच्या फडात एखादा पैलवान ओळीने कुस्त्या मारू लागला, म्हणून पंचांनी त्याचाच एक हात बांधावा, तसं हे झालं. मात्र हे उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या किंवा अमेरिकेतल्या कॅरोलायनाच्या बेकार कामगाराकडे पाठ फिरवून द्यायचं नाही. त्याचं दुःख खरं होतं. त्याचा हिशेब कोणी चुकता करायचा, एवढाच वाद आहे.

हाँगकाँगपासून सुरुवात करू, कारण ही गोष्ट तिथे सर्वांत स्वच्छ दिसते. १९४७ ते १९४९ या काळात चीनमधल्या यादवी युद्धाचा रंग पालटू लागला, तेव्हा शांघायच्या अनेक गिरणीमालकांनी विलायतेत मागवलेली यंत्रं शांघायऐवजी हाँगकाँगला उतरवून घेतली. मागोमाग लाखो निर्वासित आले. तिथे कापूस पिकत नव्हता, कोळसा नव्हता, प्यायचं पाणीसुद्धा पुरत नव्हतं. १९६३ च्या दुष्काळात तर चार दिवसांतून एकदा, चार तास पाणी मिळे. या ब्रिटिश वसाहतीचं पोट चीनशी होणाऱ्या दलाली व्यापारावर चालत होतं. १९५१ साली कोरियाच्या युद्धामुळे चीनच्या व्यापारावर निर्बंध आले आणि तोही आधार गेला. उरले ते फक्त हात. त्या हातांनी सूत काढलं, कापड विणलं, सदरे शिवले. सरकारने त्यांना संरक्षक जकात दिली नाही. दारू, तंबाखू, इंधन तेल अशा मोजक्या वस्तू सोडल्या तर जगातल्या कोणत्याही मालाला हाँगकाँगचं बंदर मोकळं होतं. मँचेस्टरचं कापडही तिथे बिनजकात येऊ शकत होतं.

साम्राज्यातल्या जुन्या सवलतीमुळे हाँगकाँग, भारत आणि पाकिस्तान यांचं सुती कापड ब्रिटनमध्येही बिनजकात जाई. १९५८ साली, अठराव्या शतकानंतर प्रथमच, ब्रिटनमध्ये आलेलं सुती कापड बाहेर गेलेल्या कापडापेक्षा जास्त भरलं. ज्या प्रांताने १९१३ च्या सुमाराला वर्षाला सात अब्ज वार कापड जगभर पाठवलं, त्या लँकेशायरला हा आकडा किती झोंबला असेल याची कल्पना करता येते. शिष्टमंडळं गेली, दबाव आला, आणि १९५९ साली हाँगकाँगच्या गिरण्यांनी आपल्या निर्यातीला स्वतःच मर्यादा घालून घेतली. भारत आणि पाकिस्तान यांनीही तेच केलं. लँकेशायरच्या कामगाराला मत होतं, त्याचे खासदार होते. हाँगकाँगच्या कामगारावर राज्य लंडनचं होतं, पण त्या लंडनच्या संसदेत त्याच्या बाजूने बोलणारं निवडून दिलेलं एकही माणूस नव्हतं. करार करणाऱ्या दोन बाजू समान नसल्या की करारावर सह्या झाल्या म्हणून तो न्याय्य ठरत नाही.

अमेरिकेत याच सुमाराला जपानचा प्रश्न पेटला होता. १९५५ मध्ये जपानी बनावटीचे एका डॉलरचे ब्लाउज अमेरिकी दुकानांत आले. १९५६ साली साउथ कॅरोलायना आणि अलाबामा या राज्यांनी कायदे केले, की जपानी कापड विकणाऱ्याने तशी पाटी दुकानावर लावलीच पाहिजे. १९५७ पासून जपानने पाच वर्षांसाठी आपली निर्यात आवरली. मग जपानने सोडलेली जागा हाँगकाँगने भरली, आणि लक्ष हाँगकाँगकडे वळलं. १९६० च्या निवडणुकीत जॉन केनेडी यांनी साउथ कॅरोलायनाच्या गव्हर्नरांना पत्र लिहून कापड उद्योगाला आश्वासन दिलं, आणि निवडून आल्यावर ते पाळलं. १९६१ साली जिनिव्हात सुती कापडासाठी एक वर्षाचा करार झाला. पुढच्या वर्षी त्याचा पाच वर्षांचा करार झाला. तो दोनदा वाढला. १९७४ च्या जानेवारीपासून त्यात लोकर आणि कृत्रिम धागेही आले आणि त्याचं नाव मल्टी-फायबर करार झालं. तो चार वर्षांसाठी होता, पण १९९४ च्या अखेरीपर्यंत टिकला. संपवण्यासाठी आणखी दहा वर्षं लागली. प्रत्येक वेळी सांगितलं जाई, की ही तात्पुरती सोय आहे, उद्योगाला सावरायला थोडा अवधी हवा आहे. १९६१ साली जी मुलगी हाँगकाँगच्या कारखान्यात बटणं लावायला बसली, तिच्या निवृत्तीचं वय झालं तरी तो अवधी संपला नव्हता.

आता या कराराची रचना पाहू, कारण अन्याय तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जगाच्या व्यापारासाठी गॅट हा करार झाला. त्याचा पाया साधा होता. एका देशाला दिलेली सवलत सर्वांना द्यायची, भेदभाव करायचा नाही. आयातीवर जकात लावता येईल, पण संख्येची मर्यादा सहसा घालायची नाही. एखाद्या उद्योगावर फारच आघात होत असेल तर तात्पुरता बांध घालता येईल, पण तो सर्व देशांच्या मालाला लागू होईल आणि ज्यांचं नुकसान होईल त्यांना मोबदला द्यावा लागेल. कापडाच्या बाबतीत या सगळ्या तत्त्वांना बगल दिली गेली. बांध घालायला प्रत्यक्ष नुकसान झालेलं असण्याची गरज नव्हती. नुकसानीचा धोका पुरे होता. माल इथल्या भावापेक्षा बराच स्वस्त आहे, हाच धोक्याचा पुरावा धरला गेला. ज्याच्याकडे भांडवल नाही, यंत्रं जुनी आहेत, ज्याच्यापाशी फक्त मेहनत आहे, त्याने बाजारात दुसरं काय आणायचं? स्वस्तपणा हीच त्याची एकुलती एक ताकद, आणि तीच आरोपपत्रात पहिल्या कलमात.

आणि हा बांध सर्वांना नव्हता. इटली हा कापडाचा आणि कपड्यांचा जगातला फार मोठा निर्यातदार. मल्टी-फायबर कराराखाली अमेरिकेने इटलीवर कोटा घातला नाही. युरोपच्या श्रीमंत देशांनी एकमेकांवर घातला नाही, अमेरिकेवरही घातला नाही. कोटे होते ते जपानवर, आणि मग हाँगकाँग, कोरिया, तैवान, भारत, पाकिस्तान, ब्राझील, श्रीलंका, बांगलादेश अशा देशांवर. मिलानहून आलेल्या सदऱ्याने जो कामगार बेकार झाला आणि हाँगकाँगच्या कोवलूनहून आलेल्या सदऱ्याने जो बेकार झाला, त्या दोघांच्या बेकारीत काय फरक होता? कामगाराच्या संरक्षणाचा दावा इथेच उघडा पडतो.

करारात कोट्याची मर्यादा दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढवायची असं लिहिलं होतं. गरीब देशांनी सही केली ती बरीचशी या आशेवर. पण १९७७ साली करार वाढवताना युरोपने या नियमांपासून ‘वाजवी’ फारकत घेण्याची मुभा मिळवली आणि हाँगकाँग, कोरिया यांसारख्या मोठ्या पुरवठादारांचे काही कोटे वाढवण्याऐवजी कापले. १९८६ च्या सुमाराला अमेरिकेने हाँगकाँगला दिलेली वाढ वर्षाला एका टक्क्याच्या आसपास आली. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने याहून कडक विधेयक मंजूर केलं होतं. अध्यक्ष रेगन यांनी ते नाकारलं आणि त्यांचा नकार उलटवायला थोडीच मतं कमी पडली. निर्यातदारांनी मग कोटा नसलेल्या रॅमी नावाच्या वनस्पतीच्या धाग्याचे स्वेटर करायला घेतले. १९८६ च्या करारात रॅमी आणि रेशमी मिश्रणही कोट्यात आलं. वाट काढावी आणि ती बुजवली जावी, असं हे चाललं होतं.

प्रत्यक्षात कोटा चालायचा कसा, हे थोडं सविस्तर सांगितलं पाहिजे. पैसा कुठून कुठे गेला ते त्यातूनच कळतं.

कपड्यांचे शेकडो प्रकार करून प्रत्येकाला क्रमांक दिलेला असे: पुरुषांचे सुती सदरे, बायकांचे ब्लाउज, टॉवेल, चादरी. प्रत्येक देशाला प्रत्येक क्रमांकासाठी वर्षाचे डझन किंवा वार ठरवून दिलेले. निर्यात करणाऱ्या देशाच्या सरकारने किंवा त्याने नेमलेल्या मंडळाने ते आपल्या कारखानदारांत वाटायचे आणि प्रत्येक खेपेच्या कागदावर शिक्का मारायचा. शिक्का नसेल तर माल समोरच्या बंदरातून बाहेर पडत नसे. हाँगकाँगमध्ये हे वाटप मुख्यतः आधीच्या वर्षांच्या कामगिरीवर होई, आणि कोटा दुसऱ्याला देता येई. साहजिकच कोट्याचा बाजार उभा राहिला, त्याचे दर निघू लागले. एकेकाळी कारखाना चालवणारा माणूस शिवणयंत्रं विकून टाके आणि नुसता कोटा भाड्याने देऊन घरी बसून खाई. आपल्याकडेही सुती कापडाची निर्यात परिषद टेक्सप्रोसिल आणि परिधान निर्यात परिषद यांच्यामार्फत वाटप होई, आणि नव्या, धडपड्या निर्यातदाराला जुन्याकडून कोटा अधिमूल्य देऊन घ्यावा लागे. सदरा शिवणाऱ्या बाईच्या हातात यातलं काही पडत नसे. तिच्या मजुरीपेक्षा कागदाची किंमत जास्त, अशी वेळ काही प्रकारांत येई.

जकात लावली असती तर निदान एक गोष्ट झाली असती. माल महाग झाला असता, पण वरचा पैसा अमेरिकेच्या किंवा ब्रिटनच्या तिजोरीत गेला असता, आणि त्यातून बेकार झालेल्या कामगाराला नवं काम शिकवता आलं असतं, त्याचं घरभाडं भागवता आलं असतं. कोट्यात माल महाग होतो तो होतोच, आणि वरचा पैसा कोटा हातात असलेल्याच्या खिशात जातो. शिवाय संख्येवर मर्यादा आली की कारखानदार स्वस्त सदरा सोडून महाग सदऱ्याकडे वळतो, कारण डझन तेवढेच धाडायचे तर प्रत्येक डझनात नफा जास्त हवा. हाँगकाँग फॅशनच्या कपड्यांकडे सरकलं यात या हिशेबाचा मोठा वाटा आहे. दुकानातून नाहीसा झाला तो सर्वांत स्वस्त सदरा. तो घेणारा डेट्रॉइटचा किंवा मँचेस्टरचा हातावर पोट असलेला माणूसच होता. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी वेळोवेळी हिशेब केले, तेव्हा एक नोकरी वाचवण्यासाठी ग्राहकांनी भरलेली किंमत त्या नोकरीच्या वर्षाच्या पगाराच्या कित्येक पट निघाली. म्हणजे गरिबाने गरिबाला वाचवण्यासाठी पैसे मोजले, आणि त्यातले बहुतेक वाटेतच गळले.

आणि नोकऱ्या वाचल्या का? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कापड आणि कपडे उद्योगात सुमारे चोवीस लाख माणसं होती. कोटे संपले तेव्हा त्यांची संख्या दहा लाखांच्याही खूप खाली होती. इतक्या वर्षांच्या बांधानंतर ही गत. नवी यंत्रं आली, एक माणूस अनेक माग बघू लागला, कारखाने दक्षिणेकडे आणि मग देशाबाहेर गेले. लँकेशायरमध्ये तर १९५९ च्या कायद्याने सरकारनेच भरपाई देऊन चात्या आणि माग मोडीत काढले.

इथे मला गिरणगावाबद्दल बोललं पाहिजे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या वेळी भारताचा बाजार परदेशी कापडाला जवळजवळ पूर्ण बंद होता. हाँगकाँगचा सदरा दादरच्या दुकानात मिळत नव्हता, कोरियाचं कापड मूळजी जेठा मार्केटमध्ये उघडपणे विकलं जात नव्हतं. तरीही गिरण्या बंद पडल्या. मालकांनी साचे वर्षानुवर्षं बदलले नाहीत, कापड भिवंडीच्या यंत्रमागावर स्वस्तात विणून घेणं त्यांना परवडू लागलं, आणि लालबाग-परळच्या जमिनीचे भाव धोट्यापेक्षा जास्त कमाई देऊ लागले. आपल्या कामगाराचं काम परदेशी विणकराने हिरावलं नाही. ते हिरावणारे इथलेच होते, आणि त्याला जे देणं लागत होतं तेही इथलंच होतं. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करून त्यांतला एक घरांसाठी द्यायचं ठरवलं. २००१ साली तो हिशेब गिरणीतल्या फक्त मोकळ्या जागेपुरता केला गेला. कामगारांच्या घरांचा प्रश्न अजून रेंगाळतो आहे. दार बंद ठेवल्याने कामगार वाचतो असं ज्याला वाटतं, त्याने गिरणगावाचा इतिहास वाचावा.

लँकेशायरच्या कामगाराला या देशाने एकदा समोरासमोर उत्तर दिलेलं आहे. १९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी डार्वेन परिसरात राहायला गेले. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने तिथल्या गिरण्यांची चाकं थांबली होती, आणि बेकार विणकर त्यांना भेटायला आले. गांधीजींनी त्यांच्या दुःखाबद्दल मनापासून सहानुभूती दाखवली, पण बहिष्कार मागे घेतला नाही. भारतातल्या खेड्यांतली बेकारी आणि उपासमार याहून किती तरी खोल आहे, हे त्यांनी त्या कामगारांना तोंडावर सांगितलं. गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती जमून आनंदाने ओरडताहेत, असं त्या भेटीचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात मला आशा दिसते. त्या बायकांना त्यांची बाजू ऐकणारा आणि स्वतःची बाजू न लपवणारा माणूस भेटला होता. कोट्याच्या वाटाघाटींत असं कधी घडलं नाही. शिवणारी कधी खोलीत नव्हतीच.

आता आपल्या बाजूचा इतिहासही पूर्ण सांगतो. यशाला शिक्षा करण्याची रीत जुनी आहे आणि तिचा पहिला मार भारतानेच खाल्ला. १७०० आणि १७२१ च्या ब्रिटिश कायद्यांनी भारतातलं छापील सुती कापड आणणं आणि मग वापरणंही बंद केलं, कारण ते लोकांना फार आवडत होतं. १८९६ साली मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला गेला. आयात कापडावरची जकातही तेवढीच साडेतीन टक्के होती. मुंबईला तिच्या स्वतःच्या बाजारातसुद्धा मँचेस्टरपेक्षा पुढे जाऊ द्यायचं नव्हतं. तो कर जायला १९२५ साल उजाडावं लागलं.

पण १९३३ साली मुंबईचे गिरणीमालक दुसऱ्या बाजूला उभे होते. जपानचं कापड स्वस्त येतंय, म्हणून ब्रिटिशेतर सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली गेली. जपानने उत्तर म्हणून भारतीय कापूस घेणं थांबवलं. त्याची झळ बसली ती वऱ्हाडच्या शेतकऱ्याला. आखूड धाग्याचा तो कापूस अमरावतीच्या नावावरून जगाच्या बाजारात ‘उमरा’ म्हणून विकला जाई, आणि जपान त्याचं मोठं गिऱ्हाईक होतं. १९३४ चा भारत-जपान करार झाला तो सरळसरळ कोट्याचा: जपानने कापसाच्या दहा लाख गाठी घेतल्या तर ३२.५ कोटी वार कापड पाठवता येईल, पंधरा लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार. म्हणजे जिनिव्हात पुढे जे झालं त्याची तालीम आपल्याकडेही झालेली आहे. परळच्या गिरणीला वाचवण्याचा पहिला हप्ता अमरावतीच्या बाजारात भरला गेला.

स्वातंत्र्यानंतर भारताने कोट्यांविरुद्ध जिनिव्हात खंबीर भाषणं केली. ती योग्यच होती. पण याच काळात आपल्या उद्योगाला कोट्याची सवयही लागली. ठरलेले डझन अमेरिका घेणारच आहे, मग कारखाना मोठा करायचा कशाला? तयार कपड्यांचं उत्पादन आपण लघुउद्योगांसाठी राखून ठेवलं होतं. २००० च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर ते मोकळं होऊ लागलं. आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध आपण १ एप्रिल २००१ ला उठवले. कोट्यांमुळे भारताचं नुकसान झालं हे खरं, पण कोट्याच्या आडोशाने आपण आळसही पोसला. हाँगकाँगचं तसं नव्हतं. त्याने आपलं दार कधी लावलंच नाही, तरी त्याच्यासमोरची दारं लागत गेली.

कोट्यांच्या बाजूने एक युक्तिवाद आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. मोठ्यांना अडवलं म्हणून लहानांना जागा मिळाली, असं म्हणतात. हे अर्धं खरं आहे. कोरियाचे कोटे भरत आले म्हणून तिथल्या देवू कंपनीने १९७९ च्या सुमाराला चितगावच्या देश गारमेंट्सशी करार केला, तिथले १३० कामगार शिकायला पुसानला नेले. पुढच्या काही वर्षांत त्यांतले शंभराहून जास्त जण देश गारमेंट्स सोडून इतर कारखान्यांत गेले किंवा त्यांनी स्वतःचे काढले. बांगलादेशच्या सगळ्या तयार कपड्यांच्या उद्योगाचं मूळ बरंचसं तिथे आहे. पण पुढची ओळही वाचली पाहिजे. १९८५ साली, हा उद्योग नुकता कुठे उभा राहत होता, तेव्हाच अमेरिकेसह काही श्रीमंत देशांनी बांगलादेशवर कोटे घातले. ज्याला जागा मिळाली त्याने ती वापरायला सुरुवात करताच त्याचीही पाळी आली. कोटा संपला की बांगलादेश बुडेल, असं भाकीत २००४ मध्ये पुष्कळांनी केलं होतं. तो बुडाला नाही, वाढला. नेपाळ, लेसोथो, मॉरिशस इथले कारखाने मात्र बंद पडले, हजारोंचं काम गेलं. कोट्यावर उभं केलेलं घर कोट्याबरोबर गेलं. त्या माणसांना आधार द्यायला कोणीही पैसे बाजूला ठेवलेले नव्हते, आणि त्याचा दोष ज्यांनी ही पद्धत चालवली त्यांच्याकडेच जातो.

मजुरी आणि कामाच्या परिस्थितीचा मुद्दाही येतो. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात साभारमधली राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली आणि ११३४ माणसं मेली. ज्या बाजारात आपण खरेदी करतो तिथे असा माल येऊ नये असं कोणालाही वाटेल, वाटायला हवं. पण कोट्याने इमारतीच्या भिंती कधी तपासल्या नाहीत. त्याने फक्त डझन मोजले. एक अपवाद आहे, तो मी मुद्दाम सांगतो. १९९९ च्या कंबोडिया करारात अमेरिकेने अट घातली, की कारखान्यांत कामगार कायदा पाळला गेला तर कोटा वाढेल. तपासणी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने करायची. तिथे परिस्थिती सुधारली. कामगाराचं भलं करायचं असेल तर तसे नियम करता येतात, हे त्यातून सिद्ध झालं. त्रेचाळीस वर्षांत इतर कुठे ते करायची इच्छा नव्हती.

कोटे संपवण्याचा करार १९९४ साली माराकेशला झाला, आणि त्याची किंमत वसूल करण्यात आली. भारतासारख्या देशांना औषधांच्या पदार्थावर पेटंट देणं मान्य करावं लागलं. १ जानेवारी २००५ ला कोटे गेले. त्याच दिवसापासून भारतात औषधांची ही पेटंटं लागू झाली. जे मुळात काढून घ्यायलाच नको होतं, ते परत मिळवण्यासाठी दुसरं काही द्यावं लागलं. आणि दहा वर्षांच्या त्या मुदतीतही श्रीमंत देशांनी आधी ज्यांवर कोटे नव्हतेच अशा वस्तू मोकळ्या केल्या. खऱ्या कोट्यांचा मोठा भाग, करारातल्या मालाचे ४९ टक्के, शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला. मग त्या दिवशी पूर आला यात नवल काय? युरोपने चीनच्या मालावर पुन्हा मर्यादा घातली, आणि २००५ च्या उन्हाळ्यात चीनचे कोट्यवधी स्वेटर, पँटी आणि अंतर्वस्त्रं युरोपच्या बंदरांत अडकून पडली. सप्टेंबरात युरोपचे व्यापार आयुक्त पीटर मँडेलसन आणि चीनचे व्यापारमंत्री बो शिलाय यांनी बीजिंगमध्ये तडजोड करून तो माल सोडवला, पण युरोपच्या मर्यादा २००७ च्या अखेरीपर्यंत राहिल्या. तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना बरं वाटलं. चीन अडला तर आपला माल जाईल, एवढाच विचार. या बरं वाटण्याची मला फार चिंता वाटते.

कारण आता प्रश्न आपल्या दारात आलेला आहे. २०११ साली ढाक्याच्या भेटीत मनमोहन सिंग सरकारने बांगलादेशच्या कापडाच्या ४६ वस्तूंना भारतात बिनजकात येऊ दिलं. तेव्हापासून ढाका आणि गाझीपूरमध्ये शिवलेले कपडे आपल्या दुकानांत येऊ लागले. २०२५ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशने भारतीय सूत जमिनीच्या मार्गाने घेणं थांबवलं. १७ मे २०२५ ला भारताने अधिसूचना काढली, की बांगलादेशचे तयार कपडे कोणत्याही सीमाचौकीवरून येणार नाहीत; ते फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या दोन बंदरांतून येतील. हा कोटा नव्हे, त्यात डझनांची मर्यादा नाही. पण पेट्रापोलच्या सीमाचौकीवरून काही दिवसांत येणारा माल आता समुद्राला वळसा घालून, महाग होऊन येतो, आणि हे एकाच देशाच्या एकाच यशस्वी उद्योगाला लागू आहे. काही उत्पादक संघटनांनी त्याचं स्वागत केलं.

दोन सरकारांमधल्या राजकीय कटुतेचं ते अपत्य आहे, हे मला दिसतं. तरी भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीचे माग अडचणीत आहेत म्हणून उद्या कोणी हाच निर्बंध कायमचा करा म्हणेल, आणि त्याहीपुढे जाऊन डझन मोजायला सांगेल. त्या मागणीला आपण काय सांगणार आहोत? सगळ्या देशांच्या मालाला सारखी लागू होणारी, ठरलेल्या तारखेला संपणारी, जिची उघड सुनावणी झाली आहे आणि जिच्यातून आलेला प्रत्येक रुपया इचलकरंजीच्या मागवाल्याला नवा माग घ्यायला किंवा कामगाराला नवं काम शिकायला जातो, अशी जकात असेल तर मी तिच्यावर बोलायला तयार आहे. बांगलादेश पुढे गेला एवढ्या कारणासाठी त्याला एकट्याला अडवणार असाल, तर आपण १७२१ च्या आणि १९५९ च्या लंडनच्या जागी बसतो आहोत, हे मागवाल्यांच्या सभेत जाऊन सांगण्याची हिंमत दाखवावी लागेल. इचलकरंजीच्या मागवाल्याची वीज, त्याचं कर्ज, त्याच्या सुताचे भाव यांचं उत्तर मुंबई आणि दिल्लीने द्यायचं आहे. गाझीपूरच्या शिवणयंत्रावर बसलेल्या बाईकडे ते मागायचा आपल्याला हक्क नाही.